झेड-फोर घ्यायची आहे, पण सकाळी सेल्फ लांब चालतो

पत्र

काका, नमस्कार.

मी वरूड तालुक्यातला. घरी संत्र्याची बाग आहे. चार वर्षं पुण्यात नोकरी केली, आता बागच पाहतो. यंदा आंबिया बहाराचा सौदा बरा झाला आणि कॉलेजपासून मनात असलेली एक गोष्ट पुन्हा वर आली. मुंबईत एक बीएमडब्ल्यू झेड-फोर पाहून आलो, दोन सीटची, छत उघडणारी. एसड्राइव्ह ३५आय, २०१० मध्ये बनलेली, २०११ ची नोंदणी, ६२ हजार किलोमीटर, तिसरा मालक, मागणी साडेचौदा लाख. चालवली, आणि खरं सांगतो, परत येताना रेल्वेत झोप लागली नाही.

दोन-तीन गोष्टी मात्र खटकल्या. सकाळी सुरू करताना सेल्फ लांब चालला, मग इंजिन उठलं. मालक म्हणाले, 'पेट्रोलमुळे होतं, इथेनॉल आहे ना आता.' छत उघडताना एकदा मधेच थांबलं, दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर उघडलं. गाडीवर 'स्टेज वन' ट्यून केलेलं आहे, म्हणून पिकअप जास्त आहे म्हणे. आणि इंटरनेटवर या इंजिनाच्या रिकॉलबद्दल (दोष दुरुस्त करायला कंपनी गाड्या परत बोलावते ते) वाचलं होतं म्हणून विचारलं, तर 'रिकॉलचं सगळं काम झालेलं आहे' असं उत्तर मिळालं.

बाबा म्हणाले, 'दोन मानसं बसतेत तिच्यात, कॅरेट कुठी ठेवशीन?' आमच्या गावचा मिस्त्री म्हणतो, इंजिन ते इंजिन, करून टाकू. तुम्ही सांगा. हे इंजिन खरंच खराब आहे का? रिकॉल आपल्याकडे लागू होतं का? आणि आपल्या उन्हाळ्यात ही गाडी टिकेल का?

(नाव छापू नये)

उत्तर

आधी उत्तर देतो, कारणं मागून. साडेचौदा लाखांना, आहे त्या अवस्थेत, ही गाडी घेऊ नकोस. ही मॉडेलच नको असं मी म्हणत नाही. चांगली सापडली तर मी तुला अडवणार नाही. पण तू जी पाहिलीस ती गाडी तुझ्याशी बोलत होती आणि मालक तिचं बोलणं पेट्रोलवर ढकलत होता.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य सेल्फचं आहे. या गाडीत तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोचं इंजिन आहे. बीएमडब्ल्यूच्या भाषेत एन-५४. ताकद ३०६ हॉर्सपॉवर. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि त्यासाठी सुमारे २०० बारचा दाब लागतो. आपल्या साध्या गाडीत हा दाब तीन-चार बारचा असतो, यावरून अंदाज घे. टाकीतला पंप पेट्रोल पुढे आणतो आणि इंजिनवर बसवलेला दुसरा पंप, हाय प्रेशर फ्युएल पंप, त्याला हा दाब देतो. हा दुसरा पंप या इंजिनाची सगळ्यात बदनाम जागा. तो थकला की पहिलं लक्षण हेच: थंड गाडीला सेल्फ लांब चालतो. पुढे चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी अचानक मान टाकते, समोर पिवळा दिवा लागतो, 'पॉवर कमी केली आहे' असा संदेश येतो आणि गाडी फोरलेनवर चाळीस-पन्नासच्या वेगानं रेंगाळते. मागून संत्र्याचा ट्रक येत असेल तर हा नुसता त्रास राहत नाही, जिवाशी गाठ असते.

म्हणूनच बीएमडब्ल्यूनं ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत या पंपासाठी रिकॉल काढलं. साधारण १ लाख ३० हजार गाड्या होत्या. २००७ ते २०१० च्या ३३५आय, १३५आय, ५३५आय, एक्स-६ यांच्यासोबत २००९ आणि २०१० ची झेड-फोर ३५आयसुद्धा त्या यादीत होती. तू वाचलंस ते हेच असणार.

आता रिकॉलबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, रिकॉल निघालं म्हणजे गाडी भंगार. दुसरा, तुझ्या विक्रेत्याचा, रिकॉल निघालं म्हणजे ते काम आपोआप झालंच. दोन्ही चूक. रिकॉल देशानुसार, इंजिनानुसार आणि चेसिस नंबरनुसार निघतं. अमेरिकेतली मोहीम अमेरिकेत विकलेल्या गाड्यांची. भारतात आलेल्या गाडीवर तीच मोहीम लागते असं गृहीत धरता येत नाही. इंजिनाचा फरक बघायचा तर २०१७ चं उदाहरण घे. त्या नोव्हेंबरमध्ये बीएमडब्ल्यूनं अमेरिकेत सुमारे ७ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या, कारण इंजिनाची वाफ मोकळी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या हीटरमध्ये शॉर्ट होऊन गाडी उभ्या जागी पेटण्याची भीती होती. ती मोहीम बिनटर्बोच्या सहा सिलिंडर इंजिनांची होती. म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, दिसायला सारख्या गाड्यांत एकीला ती लागू आणि तुझ्या एन-५४ ला नाही. 'झेड-फोरचं रिकॉल' असं काही नसतंच. विशिष्ट चेसिस नंबरच्या गाडीचं असतं.

भारतात कायदाही बघून घे. २०१२ च्या जुलैपासून गाडी कंपन्यांच्या संघटनेची, सियामची, ऐच्छिक रिकॉल पद्धत सुरू झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम ११०-अ आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार सरकार कंपनीला रिकॉलची सक्ती करू शकतं, आणि १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंडही आहे. पण नियम गाडीचं वय सात वर्षांच्या आत असेल तरच. तुझी गाडी पंधराव्या वर्षात. त्यामुळे सरकारकडे बोट दाखवून फुकट पंप मिळेल ही आशा सोड. कंपनीची जुनी मोहीम त्या चेसिसवर उघडी असेल तर मात्र विचारायला हरकत नाही, आणि विचारायला पैसे पडत नाहीत. नागपूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला १७ अक्षरी चेसिस नंबर द्यायचा. ते शेवटची सात अक्षरं टाकून बघतात. उघडी मोहीम आहे का, काम झालं असेल तर केव्हा, हे तिथे निघतं. मालक खरं बोलत असेल तर त्याच्याकडे पंप बदलल्याचं बिल असेल आणि पंपावरचा पार्ट नंबर नव्या आवृत्तीचा असेल. बिल नाही, नंबर जुना, सेल्फ लांब: मग काम झालं नाही, एवढं सरळ आहे.

इथेनॉलचं बोलणं पूर्ण खोटं नाही, म्हणून तेही सांगतो. आज पंपावर मिळणारं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं असतं, आणि ही गाडी त्या काळातली नाही. आपल्याकडे २० टक्क्यांसाठी बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून पुढच्या. जुन्या रबरी नळ्या, सील आणि असा उच्च दाबाचा पंप यांच्यावर त्याचा ताण येऊ शकतो. पण सुस्थितीतली झेड-फोर याच पेट्रोलवर पहिल्या सेल्फला उठते. पेट्रोल कारण असेल तर ते थकलेल्या पंपाला उघडं पाडणारं कारण आहे. १०० ऑक्टेनचं पेट्रोल काही शहरांतल्या निवडक पंपांवर मिळतं, आपल्या तालुक्याच्या पंपावर नाही, तेव्हा तो उपाय मनातून काढ. आणि वरूडला गाडी उभी राहील तर टाकीत महिना-महिना पेट्रोल साठवून ठेवू नकोस.

लांब सेल्फचं दुसरं कारण इंजेक्टर असू शकतात. तेही या इंजिनात महाग, गळायला लागले की सकाळी मिसिंग मारते, थोडा काळा धूर दिसतो. प्रत्येक इंजेक्टरवर इंडेक्सचा आकडा कोरलेला असतो आणि सुधारित आवृत्तीचा आकडा १२. सहापैकी कोणता आकडा कुठे आहे, हे तपासणीत लिहून घे. नवा बसवला तर तो संगणकावर नोंदवावा लागतो, नुसता फिट करून चालत नाही. तुझ्या गावच्या मिस्त्रीचा मान राखून सांगतो, इथे त्याचा 'इंजिन ते इंजिन' चालणार नाही. ट्रॅक्टरचं हेड तो डोळे मिटून उतरवेल, पण या गाडीला साधी बॅटरी बदलली तरी ती संगणकात नोंदवावी लागते.

आता तुझा तिसरा प्रश्न, उन्हाळा. मला सगळ्यात जास्त काळजी इथे आहे, पंपापेक्षाही.

या इंजिनात कूलंट फिरवणारा वॉटर पंप पट्ट्यावर चालत नाही, तो विजेवर चालतो. कल्पना चांगली आहे. गाडी बंद केल्यावरही तो थोडा वेळ चालून टर्बो थंड करतो (पार्किंगमध्ये गुणगुण ऐकू आली तर घाबरू नकोस, ते बरोबर आहे). पण हा पंप मरताना आवाज करत नाही, गळत नाही, आदल्या दिवशी काही सांगत नाही. साधारण लाखभर किलोमीटरच्या आसपास बऱ्याच गाड्यांत तो जातो, आणि वयानंही जातो. ६२ हजारांवर मूळ पंप असेल तर त्याचं वय पंधरा वर्षांचं आहे. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर, एसी पूर्ण, मोर्शी-वरूड रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे अडकून: पंप जाण्यासाठी यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

मग आपल्याकडे काय होतं ते तुला माहीत आहे. लाल दिवा लागतो, माणूस म्हणतो पुढच्या फाट्यापर्यंत नेतो. फाट्यावर बोनेट उघडून गार पाण्याची बाटली ओततो. अॅल्युमिनियमचं ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड. तापलेल्या हेडवर गार पाणी म्हणजे हेड वाकणं किंवा तडा. जुन्या लोखंडी इंजिनानं हे सहन केलं असतं. एन-५४ सहन करत नाही आणि हेडचं काम लाखांत जातं. म्हणून नियम एकच: लाल थर्मामीटर दिसला की तिथेच कडेला, इंजिन बंद, झाकण उघडायचं नाही, पाणी ओतायचं नाही, फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) बोलवायचा. वाट बघायला निंबाचं झाड शोध.

गाडी घेतलीस तर वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही एकत्र, गाडी घरी आणण्याआधीच बदल. चालू असला तरी बदल. या एका कामात मी काटकसर चालू देणार नाही. सोबत रेडिएटर आणि त्यापुढचं एसीचं कंडेन्सर धुवून घे. मुंबईची गाडी असल्यानं त्यात समुद्राकडचा गंज आणि धूळ दोन्ही असतात, आणि इकडे आल्यावर काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या तंतूंची जाळी त्यावर चढते. कूलंट बीएमडब्ल्यूच्या मान्यतेचं. नळाचं पाणी तर चुकूनही नाही. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार बादलीलाच दिसतात.

तेलाच्या गळतीकडे विक्रेते 'किरकोळ घाम' म्हणून बघतात. या इंजिनावर एक गळती किरकोळ नाही. ऑइल फिल्टर ज्या घरात बसतो त्याचं पॅकिंग उष्णतेनं कडक होतं आणि तेल थेट पुढच्या पट्ट्यावर ठिबकतं. तेल पिऊन पट्टा फुगतो, उसवतो, आणि त्याचे धागे क्रँकच्या पुलीमागून पुढच्या सीलमधून इंजिनाच्या आत ओढले जातात. ते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, जाऊन तेलाची जाळी बंद करतात. एका पॅकिंगकडे दुर्लक्ष केल्यानं इंजिन जाऊ शकतं असं मी उगाच म्हणत नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंगही गळतं, तेव्हा जळक्या तेलाचा वास केबिनमध्ये येतो. चेंबरचं पॅकिंग बदलायला पुढची सबफ्रेम (इंजिनाखालचा सांगाडा) उतरवावी लागते, म्हणजे मजुरी मोठी. गाडी लिफ्टवर चढवून खालचं प्लास्टिक काढल्याशिवाय यातलं काहीही दिसत नाही. आणि विक्रेत्यानं इंजिन चकचकीत धुवून ठेवलं असेल तर जास्त संशय घे.

ट्यून. 'स्टेज वन' म्हणजे संगणकातली आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवला. पुण्याच्या मुलांना यात गंमत वाटते, आणि हे इंजिन ट्यूनला चांगली साथ देतं हे खरं आहे. पण दाब वाढला की पंपाला जास्त पेट्रोल द्यावं लागतं, टर्बोचे वेस्टगेट (दाब आवरणाऱ्या झडपा) जास्त झिजतात, आणि टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा प्लास्टिकचा पाइप भरल्या वेगात फाटतो. वेस्टगेट झिजल्याची खूण कानानं ओळखता येते: थंड इंजिन सुरू केलं की किंवा अॅक्सिलरेटर सोडला की डब्यात खडे हलवल्यासारखा खुळखुळाट. हे टर्बो बदलायचे तर इंजिनच्या भोवतीचं अर्धं सामान काढावं लागतं. ट्यून कोणी केलं, कधी, मूळ आज्ञावलीची फाइल कोणाकडे आहे, आणि ती परत टाकून देणार का, हे विचार. उत्तर गोल आलं तर किंमत आणखी खाली धर. ४५ डिग्रीत ट्यून केलेली गाडी चालवायची माझी तयारी नाही, तुझी आहे का ते तू ठरव.

छताबद्दल फार लिहीत नाही. ते दोन तुकड्यांचं, अॅल्युमिनियमचं, पंपानं उघडणारं छत आहे, साधारण वीस सेकंदात उघडतं. मधेच थांबणं हे नेहमी पंपाचं दुखणं नसतं. डिकीच्या झाकणाकडे जाणाऱ्या वायरिंगमधली तुटलेली तार किंवा एखादं सेन्सर असू शकतं. डिकीतलं, छताची जागा वेगळी करणारं झाकण जागेवर नसेल तरी छत हलत नाही, तेव्हा तो साधा प्रकार आधी बघ. पाच वेळा उघड-बंद कर, इंजिन चालू ठेवून. डिकीचा गालिचा उचलून ओल बघ. पाणी निघून जाणाऱ्या नळ्या पानांनी बुजल्या की पाणी आत येतं, आणि ती पानं मुंबईच्या पावसातलीच असतात.

गिअरबॉक्स सात गिअरचा, दुहेरी क्लचचा आहे. हळू गर्दीत धक्के देतो का, उलट गिअर टाकताना विचार करतो का, एवढं बघ. त्याचं तेल बदललेलं आहे का ते बिलात शोध. 'आयुष्यभराचं तेल' असं कोणी म्हणालं तर मान डोलव आणि बदलायचा खर्च किमतीतून कापून घे.

आता रस्ता. गावाकडचे गतिरोधक कोणत्या मापानं बांधतात हे परमेश्वरालाच ठाऊक. या गाडीच्या पुढच्या बंपरची खालची कड आणि चेंबर दोन्ही जमिनीजवळ. पांदण रस्त्यानं बागेत न्यायचा तर विचारही करू नकोस, पावसाळ्यात तर ट्रॅक्टर अडकतो तिथे. मागचा टायर २५५ रुंदीचा आहे आणि कडा पातळ, खड्ड्यात रिम वाकतो. बहुतेक गाड्या रनफ्लॅट टायरवर असतात, स्टेपनी नसते. हवा गेली तरी ८० च्या आतल्या वेगानं साधारण ८० किलोमीटर जाता येतं असं त्यांचं गणित आहे. वरूडहून नागपूर त्याहून लांब आहे, हे तुला मोजायला सांगायला नको. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाच, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपेक्षा जुने असले तर चारही नवे धर आणि हिशेबात टाक. ६२ हजार किलोमीटरच्या गाडीचं स्टीअरिंग, ब्रेकचं पेडल आणि ड्रायव्हर सीटची कड किती झिजली आहे तेही बघ. आकडा फिरवता येतो, कातडं फिरवता येत नाही. सर्व्हिस सेंटरकडच्या नोंदींत दर भेटीचे किलोमीटर असतात, ते चढत गेले आहेत का एवढंच बघायचं.

कागदांचं काम इंजिनाइतकंच मोठं आहे आणि यात विक्रेता सर्वात कमी बोलला असणार. नोंदणी २०११ ची, म्हणजे पंधरा वर्षांची मुदत २०२६ मध्ये संपते. त्यानंतर फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांसाठी नूतनीकरण. साध्या कारचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या चारचाकीचं ४०,०००. झेड-फोर जर्मनीहून तयार आलेली आहे. हा फरक 'कोणीतरी नंतर बघेल' अशा जागी पडलेला असतो आणि तो तुझ्यावर येईल. आरटीओ कोणत्या रकान्यात धरतं ते नोंदणी पुस्तकातल्या आयात नोंदीवरून आधीच विचारून घे. नूतनीकरण विक्रेत्यानं करून द्यावं, म्हणजे फिटनेसची परीक्षाही त्याच्या खिशातून होईल, असं मी सांगेन. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ नं उतरवून, लागत असेल तर मुंबईच्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून अमरावतीला नाव चढवायचं. कोऱ्या २९-३० वर सही करून फिरणारी गाडी असेल तर थांब, कारण तिसरा मालक तुला दिसतोय तो कागदावर आहे का हेच आधी कळत नाही. विम्यात पंधरा वर्षांच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात, ती आधी ठरवून घे. नुसता थर्ड पार्टी विमा घेऊन ही गाडी आपल्या रस्त्यावर आणणं म्हणजे बागेला कुंपण न घालता बहार धरणं.

पैशाचं सरळ सांगतो. पंप, इंजेक्टरांपैकी एखाद-दोन, वॉटर पंप-थर्मोस्टॅट, पॅकिंगं, टायर, कागद: यातलं निम्मं निघालं तरी साडेचौदात जे वाचलं असं तुला वाटतंय ते निघून जातं. मी असतो तर कमीत कमी चार लाख रुपये गाडीव्यतिरिक्त बाजूला ठेवले असते, आणि तेवढे नसतील तर गाडीकडे वळलो नसतो. बहाराच्या पैशातून पुढच्या हंगामाची खतं, फवारणी आणि ठिबकचं काम काढून उरेल ती रक्कम गाडीची. बाजारभाव पडला तर काय, हे तुला मी सांगायचं नाही, तू ते माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस.

बाबांच्या प्रश्नात दम आहे. कॅरेट ठेवायला जागा नाही ही तक्रार त्यांनी केली, त्याचा अर्थ त्यांना गाडी घरची वाटावी असं वाटतंय. वेगाची हौसच असेल आणि घरचेही बसावेत असं वाटत असेल तर स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस बघ, २०१७ मध्ये आलेली २३० हॉर्सपॉवरची. मोठी डिकी, चार दारं, वय कमी. झेड-फोरसारखी झोप उडवणार नाही, पण दिवाळीला आजीला घेऊन नागपूरला जाता येईल. तरीही मन झेड-फोरवरच असेल तर दुसरी शोध: ट्यून नसलेली, एकाच सर्व्हिस सेंटरची सगळी बिलं असलेली, पहिल्या सेल्फला उठणारी. किलोमीटर जास्त असले तरी चालेल. चाललेली आणि सांभाळलेली गाडी बंद पडून असलेल्या गाडीपेक्षा बरी असते.

ही गाडी सोडवत नसेल तर एवढं कर. आज विक्रेत्याकडून आरसीचा आणि चेसिस नंबरचा फोटो माग. दिला तर नागपूरला फोन करून मोहीम आणि नोंदी विचार. मग मुंबईतल्या अधिकृत सेंटरमध्ये खरेदीपूर्व तपासणी लाव, पैसे तू भर, विक्रेत्याला भरू देऊ नकोस. गाडी आदल्या रात्री तिथेच उभी ठेवायला सांग म्हणजे सकाळचा पहिला सेल्फ तुझ्या समोर लागेल, कोणी आधी गरम करून ठेवणार नाही. सेल्फच्या वेळी स्कॅनरवर पेट्रोलचा दाब किती चढतो, किती वेळात चढतो, हे मेकॅनिककडून लिहून घे आणि तो कागद मालकासमोर ठेवून किंमत बोल. आरसीचा फोटो द्यायला मालक दोन दिवस लावत असेल तर मुंबईचं तिकीट काढू नकोस.